माफी माइकवर मागितली, पण हिशेब कुठाय?

पत्र:

काकू, प्रभूच्या नावात सलाम. मी कळव्याला राहते, घरगुती डबे देते. आमच्या मंडळीतले एक पंच बायकांची भिशी चालवायचे. वीस जणी, महिन्याला ५,००० रुपये, दर महिन्याला एकीला १ लाख. ते स्वतः भिशीत नव्हते, फक्त गोळा करून द्यायचे. मी मुद्दाम शेवटचा विसावा नंबर घेतला होता, लेकीच्या नर्सिंगच्या अ‍ॅडमिशनला लागतील म्हणून. सतरा जणींना मिळाले, अठराव्या महिन्याचा १ लाख जमला आणि तो त्यांनी शेअरच्या ऑप्शनमध्ये घालवला. चार महिने फोन बंद. मग एका रविवारी उपासनेत माइक घेऊन रडले, प्रभूने मला क्षमा केली, तुम्ही पण करा म्हणाले. पाळकसाहेब म्हणाले, जो दुसऱ्याला क्षमा करत नाही त्याला स्वर्गातला पिताही करणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी नाही वाजवल्या, तेव्हापासून मी कडू मनाची. केस करू का विचारलं तर म्हणे विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याला कोर्टात न्यायचं नाही असं पौलाने लिहिलंय. मुलगा म्हणतो नाठाळाच्या माथी काठीच, चार पोरं घेऊन जातो. ते गृहस्थ अजून दानाची मोजणी करतात. काकू, दुसरा गाल पुढे करायचा म्हणजे मी नेमकं करायचं तरी काय?
— एक बहीण, कळवा

उत्तर:

अगं, सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचायच्या आधी मी पाठकोरा कागद घेऊन हिशेब मांडायला बसले, कारण तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय आणि कुणी पैशाच्या भांडणात शास्त्रवचन सांगायला लागलं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. (आमचे जुने पाळक यावर फार हसायचे.) तर क्षमेचं नंतर बोलू, आधी हे बघ.

वीस जणी, अठरा महिने, ५,०००. म्हणजे प्रत्येकीने भरले ९०,०००. ज्या सतरा जणींचे नंबर लागले त्यांना मिळाला प्रत्येकी १ लाख, म्हणजे त्यांनी भरलं त्याच्यापेक्षा १०,००० जास्त. सतरा जणींचे मिळून १,७०,०००. तुम्ही तिघी राहिलात, तुमचे तिघींचे गेले २,७०,०००. त्यातला त्या माणसाने खाल्ला १ लाख. मग उरलेले १,७०,००० कुठेत? ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्या घरात आहेत गं.

मला पण क्षणभर पेन्सिल खाली ठेवावी लागली. भिशी मोडली म्हणून त्यांनी एकोणिसावा आणि विसावा हप्ता भरलाच नाही, आणि तुझा नंबर विसावा, म्हणजे तुझा लाख त्या माणसाने खाल्लाच नाहीये, तो अजून जमायचाच राहिलाय. त्याने खाल्ला तो अठराव्या नंबरवालीचा. तुझे पैसे कुणाचा फ्रीज झालेत, कुणाच्या पोराची क्लासची फी झालेत, आणि त्या बायका काही चोर नाहीत, त्यांच्या मनात एवढंच की भिशी मोडली, संपलं, आपलं नशीब की आपला नंबर आधी लागला. पण मग त्या रविवारी क्षमा कोण करत होतं? ज्यांचं काही गेलेलंच नाही, उलट दहा हजार वर आलेत, त्यांना क्षमा करायला काय जातंय? टाळ्या वाजवायला तर त्याहून कमी.

म्हणून तू टाळ्या नाही वाजवल्यास यात मला तरी पाप दिसत नाही.

आता पाळकसाहेबांनी सांगितलं ते वचन. ते खोटं नाही हं, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, प्रभूच्या प्रार्थनेच्या लगेच खाली, आणि ते मी तुझ्यासाठी मऊ करून सांगणार नाही, क्षमा करावी लागते. पण त्याच प्रार्थनेत आपण मराठीत रोज काय म्हणतो बघ, जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं तशी तू आमची ऋणं सोड. ऋण. मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्ये पण तिथे देण्याचाच शब्द आहे. लहानपणापासून म्हणून म्हणून गुळगुळीत झालंय पण आहे तो सावकारीतला शब्द, आणि ऋण सोडायचं तर आधी ते वहीत लिहिलेलं पाहिजे, कुणाचं, किती, कधीचं. अठराव्या अध्यायात तो माफ न करणाऱ्या चाकराचा दाखला आहे ना, तिथेही प्रभूने दोन्ही कर्जांचे आकडे दिलेत, एकाचे दहा हजार तालांत, दुसऱ्याचे शंभर दीनार. आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी. ते अवाढव्य कर्ज असलेला चाकरसुद्धा राजापुढे पालथा पडून काय म्हणतो, मला सांभाळून घ्या, मी सगळं फेडीन. फेडणं त्याच्या बापाच्यानेही झालं नसतं ते सोड, पण म्हणतो तरी. तुमच्या पंचांनी माइकवर एवढं एक वाक्य म्हटलं का? पत्रात तरी नाही दिसलं मला.

आणि ते पहिल्यांदा माइककडे गेले हेच मला खटकतंय. डोंगरावरच्या प्रवचनातच आहे, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. म्हणजे जायचं कुणी? ज्याच्या हातून चुकलंय त्याने. कळव्याला तुझ्या घरचे जिने चढायचे, बेल वाजवायची, तू दार उघडशील तेव्हा तुझ्या तोंडावरचा राग बघायचा, आणि मग चर्चमध्ये यायचं. लेवीय सहाव्या अध्यायात तर हीच केस आहे, शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव बुडवली तर ती पूर्ण परत करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, ज्याची त्याच्या हातात द्यायची, आणि मग देवापुढे अर्पण. पाचवा हिस्सा म्हणजे वीस टक्के, एक लाखावर वीस हजार. जकातदार जक्कय तर त्याच्या पुढे गेला, उभं राहून म्हणाला ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट देतो, आणि त्याच्यानंतर प्रभू म्हणाला की आज या घराला तारण मिळालं. हा क्रम आपल्या मंडळ्यांमधून कधी उलटा झाला कुणास ठाऊक, आता रडणं आधी आणि पैसे बघू नंतर. बॉनहॉफर नावाचा जर्मन पाळक होता, ज्याला नाझींनी एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिली, त्याने १९३७ मध्येच या प्रकाराला नाव देऊन ठेवलंय, स्वस्त कृपा, म्हणजे पश्चात्तापाशिवायच माफीचा उपदेश. मला तो शब्द फार आवडतो कारण त्यात बाजारभाव आहे.

पौलाचं आता. पहिलं करिंथ, सहावा अध्याय. पाळकसाहेबांनी अर्धा सांगितलाय. पौल चिडलाय हे खरं, भाऊ भावाला बाहेरच्यांच्या कोर्टात खेचतो म्हणून, आणि त्यापेक्षा अन्याय सोसा, नाडले जा की, असंही विचारतो, ते लपवायचं नाही. पण त्याच्या आधी तो विचारतो की तुमच्यात निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस नाही का? म्हणजे हे काम मंडळीने करायचं आहे. आणि लगेच पुढच्या ओळीत म्हणतो, तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही आपल्या भावांना. तर पाळकसाहेबांना नम्रपणे विचार, तुमच्याकडे पंच कमिटी आहे, तिने या प्रकरणाचा निवाडा कधी केला, कुठल्या तारखेला, मिनिट्स कुठेत? नसेल केला तर कोर्टात जाऊ नको हे सांगायचा हक्क पण अर्धाच राहतो. (आणि पौल स्वतः फटके बसायची वेळ आली तेव्हा मी रोमी नागरिक आहे म्हणाला, पुढे थेट कैसराकडे अपील केलं. मान्य आहे, ते सरकारशी होतं, भावाशी नव्हतं. पण कायदा या शब्दाचं त्याला वावडं नव्हतं एवढं नक्की.)

सोसायचंच असं तू ठरवलंस तर तुझे स्वतःचे पैसे तू सोडू शकतेस, तो मोठेपणा आहे आणि मी आड येणार नाही. पण अठराव्या आणि एकोणिसाव्या नंबरवालीचे पैसे तू सोडू शकत नाहीस. पाळकसाहेब तर तिघींपैकी कुणाचेच सोडू शकत नाहीत, त्यांचा एक रुपया नव्हता त्यात.

तुझ्या लेकाला आता जरा पुढ्यात बसव. पोरगा आईसाठी पेटलाय, त्याला आधी जवळ घे, ओरडू नकोस. मग सांग की ज्या रात्री प्रभूला पकडलं त्या रात्री पेत्राने पण हेच केलं, तलवार काढली आणि महायाजकाच्या नोकराचा, मल्ख त्याचं नाव, उजवा कान उडवला, आणि प्रभूने काय केलं तर आधी तो कान बरा केला. सगळी अटक, सगळी धावपळ बाजूला ठेवून शत्रूच्या नोकराचा कान. आणि शास्त्र बाजूला ठेवलं तरी व्यवहार बघ ना बाळा म्हणावं, तुम्ही चार जण गेलात आणि त्याच्या डोक्याला टाका पडला की तासाभरात पोलीस स्टेशनमध्ये फिर्यादी तो आणि आरोपी तू, आईचे नव्वद हजार गेले ते गेलेच, वर जामिनाचे वेगळे. त्या माणसाला याच्याइतकी सोय दुसरी कुठली नाही, आज तो देणेकरी आहे, उद्या पीडित होईल.

दुसऱ्या गालाचं तू विचारलंस. हे वचन मार खाणाऱ्या बायकांना इतक्यांदा ऐकवलं गेलंय की मला ते नुसतं ऐकलं तरी राग येतो, म्हणून थोडं सविस्तर. मत्तयात मुद्दाम उजवा गाल म्हटलंय. आता समोर कुणाला तरी उभं कर आणि उजव्या हाताने त्याच्या उजव्या गालावर मारून बघ (हळू!). सरळ हाताने जमत नाही, उलट्या हाताचीच बसते. वॉल्टर विंक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचं म्हणणं होतं की ही चपराक इजा करायची नाही, लायकी दाखवायची आहे, मालक गुलामाला मारतो ती. मग मार खाणाऱ्याने पळून न जाता आणि उलट न मारता डावा गाल पुढे केला तर तो काय म्हणतोय, मारायचंय तर बरोबरीच्या माणसाला मारतात तसं मार. सगळ्या पंडितांना हे पटत नाही, पण मला पटतं, कारण त्याच्याच खालचं वचन बघ, वेठीस धरून एक कोस नेलं तर दोन कोस जा. वेठ म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, रोमी शिपाई रस्त्यातल्या कुणालाही धरून ओझं वाहायला लावायचा, कुरेनेच्या शिमोनाला वधस्तंभ वाहायला लावला तो त्यातलाच प्रकार. पहिला कोस शिपायाच्या हुकमाने, पण दुसरा कोस तुझ्या मर्जीने, आणि तिथे शिपाईच गोंधळतो. आणि स्वतः प्रभूला अटकेनंतर हन्ना या याजकाच्या समोर एका शिपायाने चपराक मारली तेव्हा प्रभू गप्प बसला नाही, योहान अठरामध्ये आहे, त्याने विचारलं की मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सांग, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? हात उचलला नाही पण प्रश्न सोडला नाही. तुझ्या बाबतीत दुसरा गाल म्हणजे मला तरी हेच वाटतं, की चर्च सोडायचं नाही, मागच्या बाकावर जायचं नाही, दर रविवारी पुढे बसायचं, आणि ते भेटले की आवाज न चढवता विचारायचं, दादा, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते, आणि लाखाचं काय करताय? एकाच दमात. दोन्ही वाक्यं खरी पाहिजेत मात्र, पहिलं खोटं असेल तर दुसरं नुसता टोमणा होतो.

ते पहिलं वाक्य खरं व्हायला वेळ लागेल. माझं सांगते, माझ्या एका जवळच्या नातलगाने माझ्याकडून घराच्या नावाखाली पैसे नेले आणि वर मलाच कंजूस म्हणून बदनाम केलं, मी त्याला माफ केलं हे मला पहिल्यांदा खरं वाटलं तेव्हा अकरा वर्षं होऊन गेली होती, इथे ठाण्यात तलावपाळीला चालताना अचानक लक्षात आलं की आज त्याचं नाव आठवलं आणि पोटात काही झालं नाही. आज आम्ही लग्नात भेटतो, एका टेबलावर जेवतो. उधार मागितलं तर देत नाही. क्षमा वेगळी, चावी परत देणं वेगळं, आणि पैसे मोजायला बसवणं तर फारच वेगळं. पौल यरुशलेमसाठी वर्गणी नेत होता तेव्हा मुद्दाम बरोबर दुसरी माणसं घेतली, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून, दुसरं करिंथ आठमध्ये लिहिलंय. पौलाला जे लागू ते तुमच्या पंचांना लागू व्हायला काय हरकत आहे. त्यांना मोजणीवरून बाजूला करणं ही शिक्षा पण नाही, उलट त्यांच्यावर दया आहे, ज्याला ऑप्शनचं व्यसन लागलंय त्याच्यापुढे रविवारी नोटांचा ढीग कशाला ठेवायचा?

आणि क्षमा केली की केस करता येत नाही असं तुला कुणी परत सांगितलं तर ग्लॅडिस स्टेन्सबाईंचं नाव घे. जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर, ऑस्ट्रेलियन मिशनरी नवरा ग्रॅहम आणि दोन पोरं, एक दहा वर्षांचा, एक सहा, गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळले. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली हे जाहीर सांगितलं, लगेच देश सोडून पण गेल्या नाहीत, नवऱ्याचं कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवलं. पण खटला थांबला नाही, तो चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये कायम केली. त्यांची क्षमा आणि कोर्टाचा निकाल एकमेकांच्या आड आले नाहीत. सूड माणसाने घ्यायचा नाही हे रोमकरांस बारामध्ये आहे आणि सत्ताधाऱ्याच्या हातात तलवार उगाच नाही हे तेरामध्ये, अध्याय उलटला की लगेच.

आता काम. घाईने पोलिसांकडे जाऊ नको असं मी म्हणते ते त्या माणसासाठी नाही, प्रभूने मत्तय अठरामध्ये जी वाट दिली आहे ती आधी चालून बघू म्हणून. आधी एकटीने, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. तुम्ही तिघी एकत्र जा, गुगल पेच्या एन्ट्री, भिशीच्या ग्रुपवरचे मेसेज, नंबरांची यादी सगळं प्रिंट काढून, आणि मागणी एकच ठेवा, भिशी पूर्ण करायची. त्यांनी अठराव्या महिन्याचा १ लाख आणायचा, महिना दहा हजार करून दहा महिन्यांत पण चालेल, पण स्टॅम्प पेपरवर, दोन पंचांच्या साक्षीने. त्यांनी नाही ऐकलं तर हेच सगळं लेखी पंच कमिटीला, एका प्रतीवर पोच घेऊन.

आणि त्या सतरा जणी. हे तुला जास्त अवघड जाणार आहे हे मला माहितीये, त्या माणसावर रागावणं सोपं आहे, पण ज्यांच्याबरोबर तू नाताळच्या करंज्या करतेस त्यांच्यापुढे उभं राहून दहा हजार मागायचे म्हणजे जीभ टाळूला चिकटते. महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये मी वर केला तो हिशेब फळ्यावर लिही. कुणाचं नाव घेऊ नको, चोर म्हणू नको. फक्त म्हण की सगळ्यांनी राहिलेले दोन हप्ते भरले, आम्ही तिघीपण भरतो, तर दोन लाख जमतात आणि एकोणिसावा, विसावा नंबर पूर्ण होतो, पंच पैसे देवोत न देवोत. चार-पाच जणी पहिल्याच दिवशी देतील, मला बायकांचा अनुभव आहे. काही जणी तुझ्याशी बोलणं टाकतील. एखादी म्हणेल माझ्याकडे आत्ता खरंच नाहीत, आणि तिचं घर तुला माहिती असेल, तर तिथे, फक्त तिथे, ऋण सोड. त्याला मी क्षमा म्हणेन, कारण किती सोडलं आणि कुणाला सोडलं ते तुला माहिती असेल.

हे सगळं करून तीन महिन्यांत काही हललं नाही तर कळव्याहून एक स्टेशन इकडे, ठाण्याला ये. कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ चा कायदाच आहे तसा, फोनवर विचारायचं तर १५१००. त्यांना सांग दाखलपूर्व तडजोड हवी, म्हणजे केस न टाकता दोघांना समोरासमोर बसवतात, पौलाला पण याचं वाईट वाटायचं कारण नाही. तिथेही नाही जमलं तर फसवणूक आणि विश्वासघाताची तक्रार आहेच. दोन गोष्टी वकिलाला आधी विचार. एक, बिननोंदणीची भिशी १९८२ च्या चिट फंड कायद्यात अडकू शकते, तर तक्रार कशी लिहायची. दुसरं, पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती कुठल्या तारखेपासून धरायची. प्रार्थना करता करता ती तारीख निघून जायला नको.

लेकाला फळ्यावरचा हिशेब लिहायला बरोबर ने, हाताला काम मिळेल त्याच्या. आणि लेकीच्या कॉलेजात फी हप्त्याने घेतात का ते विचारलंस का? पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे, अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख कधी आहे ते पण नाही लिहिलंस. उलट टपाली तेवढं कळव.